तारेचा ताण : मँडोलिनच्या तारांची कहाणी



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया, तह आणि सनदा उभ्या राहतात. आजचा माझा विषय त्या मानाने फारच बारीक आहे; इतका बारीक की त्याची जाडी मिलिमीटरचा पाव भाग भरते. मँडोलिन या वाद्याला कोणती तार लावावी, एवढाच तो प्रश्न. असा प्रश्न वाद्यांच्या दुकानात विचारावा, व्याख्यानमालेत कशाला, असे कोणी म्हणेल. पण या लहानशा प्रश्नाच्या पोटात तीनशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे आपल्या घराघरांतील कित्येक जुनी वाद्ये नकळत मोडली जातात. म्हणून हा विषय घेतला.

वरूडकरांना ‘ताण’ हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. संत्र्याचा बहार धरायचा तर झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो. ताण कमी पडला तर फुलाऐवजी नुसती पालवी फुटते. अधिक झाला तर झाडच वाळते. हलक्या जमिनीला किती दिवस आणि भारी काळ्या जमिनीला किती दिवस, हे जाणता बागवान जमिनीची माती हातात घेऊन ठरवतो. शेजाऱ्याने दिला तेवढाच ताण मीही देतो, असे तो कधी म्हणत नाही. तारेचे अगदी असेच आहे. तार वाजते ती ताणावर. आणि तो ताण सोसायचा असतो लाकडाने.

हे मला शहाणपणाने कळले नाही, चुकीने कळले. आमच्या मामांचे एक जुने मँडोलिन होते. पाठ फुगीर, लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना जोडून केलेली. मामा गेल्यावर ते माझ्याकडे आले. तारा गंजल्या होत्या. एका दुकानदाराने सल्ला दिला, ‘जाड तारा घ्या, आवाजही मोठा येईल आणि तुटायच्याही नाहीत.’ मी घेतल्या. आवाज खरोखरच मोठा आला. महिना-दीड महिना मी खुशीत होतो. मग वैशाखातल्या एका दुपारी खोलीत ‘कट्’ असा आवाज झाला. पाहतो तो घोडी खाली बसलेली आणि वरची तबली उभी चिरलेली. त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. विचारायला हवे ते मीच विचारले नव्हते. वाद्य किती जुने, कोणत्या घाटाचे, त्याच्या तारेची लांबी किती, यांतले मला काहीच ठाऊक नव्हते. ते जाणून घेण्यासाठी पुढे जे वाचले, विचारले, मोजले, त्याचे सार आज सांगतो.

प्रथम वाद्याची ओळख. मँडोलिनला आठ तारा असतात, पण सूर चारच. कारण तारा जोडीजोडीने एका सुरात मिळवलेल्या असतात. पाश्चात्त्य नावांनी ते सूर खालून वर जी, डी, ए आणि ई असे आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक जोडीचा सूर षड्ज मानला की पुढची जोडी त्याचा पंचम होते. म्हणजे षड्ज-पंचम भावाच्या तीन पायऱ्या एकावर एक चढवलेल्या. व्हायोलिनच्या तारा याच सुरांत मिळवतात, त्यामुळे व्हायोलिन शिकलेल्याच्या डाव्या हाताला मँडोलिन परके वाटत नाही. फरक इतकाच की येथे गज नाही, नखी आहे. आणि दांडीवर पक्के ठोकलेले पडदे आहेत. नखीने छेडलेला सूर लवकर विरतो, म्हणून वादक नखी भराभर खालीवर फिरवून तो धरून ठेवतो. चांदण्याच्या पाण्यावर लहरी उठाव्यात तसा तो थरथरता आवाज आपण सर्वांनी ऐकलेला आहे.

या वाद्याचे आजचे रूप अठराव्या शतकात इटलीतील नेपल्स शहरी घडले. तेथील विनाच्चिया घराण्याचे नाव या बाबतीत अग्रभागी आहे. त्या काळच्या वाद्यावर आजच्यासारख्या सगळ्या पोलादी तारा नव्हत्या. सर्वांत वरची जोडी जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तातीची, मधल्या दोन जोड्या पितळेच्या आणि सर्वांत खालची जोडी वरून बारीक तार गुंडाळून जड केलेली, अशी मिश्र व्यवस्था होती. पक्ष्याच्या पिसाच्या देठाची नखी असे. मोत्झार्टने 1787 मध्ये आपल्या ‘डॉन जोव्हान्नी’ या संगीतनाटकात नायकाच्या प्रेमगीताला साथ दिली ती अशा हलक्या, कोवळ्या आवाजाच्या मँडोलिनची.

तार आणि सूर यांचे गणित मात्र त्याच्याही दीडशे वर्षे आधी मांडले गेले होते. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने 1636 च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते नियम सांगितले आहेत. तार अर्धी केली की सूर एका सप्तकाने चढतो. ताण चौपट केला तरी सूर एकाच सप्तकाने चढतो. आणि लांबी व ताण तेच ठेवून तारेचे वजन चौपट केले की सूर एका सप्तकाने उतरतो. म्हणजे लांबी, ताण आणि वजन या तीन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. वाद्याची लांबी कारागिराने ठरवली, सूर संगीताने ठरवला. मग वादकाच्या हाती उरते ती फक्त तारेची जाडी. तो जाडी निवडतो, म्हणजेच आपल्या वाद्याने किती ताण सोसायचा ते ठरवतो. तार निवडणे म्हणजे ताण निवडणे होय.

एकोणिसाव्या शतकात सभागृहे मोठी झाली, वाद्यवृंद मोठे झाले, आणि मँडोलिनचा नाजूक आवाज मागे पडू लागला. तेव्हा विनाच्चिया घराण्यातील पास्क्वाले विनाच्चिया याने 1835 च्या सुमारास मँडोलिनवर पोलादी तारा आणल्या. पण त्याने नुसती तार बदलली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पोलादाचा ताण लाकडी खुंट्यांना आवरेना, म्हणून दाते असलेल्या यांत्रिक खुंट्या आणल्या, दांडी लांबवली, वाद्याचा सांगाडा बळकट केला. नवी तार आली तसे वाद्यही नवे झाले. पुढे 1878 च्या पॅरिस येथील प्रदर्शनात स्पेनच्या तरुण वादकांच्या एका मेळाव्याने तारवाद्यांची धमाल उडवून दिली, इटलीची राणी मार्गारिता हिने मँडोलिनला आश्रय दिला, आणि युरोप-अमेरिकेत या वाद्याची साथ पसरली.

अमेरिकेत कथा आणखी पुढे सरकली. ऑर्व्हिल गिब्सन या कारागिराने फुगीर पाठ टाकून दिली. व्हायोलिनप्रमाणे तबली आणि पाठ जाड लाकडातून कोरून काढण्याची पद्धत त्याने घेतली आणि 1898 मध्ये तिचे पेटंट मिळवले. 1922 मध्ये लॉइड लोअर याच्या देखरेखीखाली त्या कंपनीने जे मँडोलिन काढले, ते आजही कोरीव घाटाच्या मँडोलिनचा आदर्श मानले जाते. या कोरीव तबलीला जड तारा हव्याच असतात. हलकी तार तिला पुरेशी हलवू शकत नाही. उलट इटालियन फुगीर मँडोलिनची तबली पातळ, सपाट आणि घोडीच्या मागे किंचित दुमडलेली असते. तिला जड तार म्हणजे पाठीवर न पेलणारे पोते. दोन्ही वाद्यांचे नाव एक, सूर एक, पडद्यांची मांडणी एक. आणि तरीही दोघांच्या तारा एक नव्हेत. माझी चूक नेमकी येथे झाली होती.

आकड्यांत सांगतो. तारांच्या पाकिटांवर 10, 11, 14 असे अंक असतात. ते इंचाचे हजारांश होत. 10 अंकाची तार म्हणजे मिलिमीटरचा पाव भाग. आपल्याकडील जुन्या गेज-पद्धतीत तिला 33 नंबर म्हणतात. तेथे नंबर वाढला की तार बारीक होते आणि येथे अंक वाढला की जाड होते, हा घोटाळा ध्यानात ठेवावा. गिब्सन घाटाच्या मँडोलिनवर घोडीपासून माथ्यापर्यंत तारेची लांबी सुमारे 35 सेंटिमीटर असते. तेथे 10 ची पहिली तार तिच्या सुरात आणली की तिचा ताण सुमारे पावणेनऊ किलो होतो. तिच्या जागी 11 ची लावली की तोच ताण साडेदहा किलोंच्या पुढे जातो. एका हजारांश इंचाने एकपंचमांश ओझे वाढले! मध्यम जाडीच्या आठही तारा मिळून वाद्यावर सुमारे पाऊण क्विंटल ताण बसतो. इटालियन घाटाच्या वाद्यात लांबी 33 सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि त्याला 9 ची तार सुमारे सव्वासहा किलो ताणात सुरेल वाजते. मी मामांच्या वाद्यावर 11 ची चढवली, म्हणजे त्याच्या हक्काच्या ओझ्याच्या दीडपट ओझे त्या वृद्ध लाकडावर लादले. त्यात वऱ्हाडच्या उन्हाळ्याने लाकूड सुकून आकसलेले. ते चिरले यात नवल ते काय?

‘जाड तार तुटत नाही’ हा समजही तपासून घेतला पाहिजे. मेर्सेनच्या नियमांतूनच असे निघते की एका लांबीवर एका सुरात मिळवलेल्या, एकाच धातूच्या दोन साध्या तारा, एक जाड आणि एक बारीक, तुटण्याच्या मर्यादेला सारख्याच जवळ असतात. जाड तार बळकट असते हे खरे, पण तिला त्या सुरापर्यंत न्यायला ताणही त्याच प्रमाणात जास्त द्यावा लागतो. दोहोंचा हिशेब फिटतो. मग तारा तुटतात का? गंजाने, घामाने, मुरगळून पडलेल्या पिळाने, आणि माथ्याकडील पट्टीच्या धारदार खाचेने. खाच साफ केली, वाजवून झाल्यावर तार कोरड्या फडक्याने पुसली, तर बारीक तारही पुष्कळ दिवस टिकते.

खालच्या दोन जोड्यांना गुंडाळलेली तार का, तेही याच नियमात आहे. पहिल्या तारेइतकाच ताण ठेवून साध्या पोलादाची शेवटची तार करायची तर तिची जाडी सुमारे साडेतीनपट करावी लागेल. मग ती तार राहणार नाही, सळई होईल. तिला लवचीकपणा नाही, पडद्यावर दाबली की सूर चढणार. म्हणून आत बारीक पोलादी गाभा ठेवून त्यावर ब्राँझची किंवा निकेलची तार गुंडाळतात. वजन वाढते, लवचीकपणा राहतो. ब्राँझचा आवाज उजळ आणि टणक, निकेलचा थोडा मऊ.

हे वाद्य आपल्या मुलखात कसे आले? पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांची सत्ता 1961 पर्यंत होती. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. तेथून अनेक वादक मुंबईस आले आणि 1931 मध्ये बोलपट सुरू झाल्यावर चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. त्या वाद्यवृंदांत मँडोलिनने आपली जागा केली. 1951 च्या ‘आवारा’ चित्रपटातील स्वप्नदृश्याच्या संगीतात त्याचा झणत्कार ज्यांनी ऐकला, त्यांना तो विसरता येत नाही. 1948 मध्ये आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले आणि पुढे 1957 मध्ये विविध भारती आली. विदर्भातील गावोगावी हा आवाज पोहोचला तो पडद्यावरून आणि रेडिओवरून. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर (1937-1998) हे मुंबईचे मराठी गृहस्थ संगीतकार होण्याआधी वाद्यवृंदांत मँडोलिन वाजवीत, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

परंतु आपल्या संगीतापुढे एक अडचण उभी राहिली. आपला सूर पायरीपायरीने चालत नाही, तो घसरतो, झोके घेतो. मींड आणि गमक हा त्याचा प्राण. सतारीवर तार बाजूला खेचून मींड काढतात. मँडोलिनवर मात्र दोन ताणलेल्या तारा एकदम खेचायच्या, आणि दोन्ही तंतोतंत सारख्या खेचल्या गेल्या पाहिजेत. नाही तर जोडीत भांडण लागते. या अडचणीला दोन मोठ्या कलावंतांनी दोन प्रकारे उत्तर दिले. संगीतकार सज्जाद हुसेन (1917-1995) यांनी जोडतारांच्या मँडोलिनवरच रागसंगीत वाजवून दाखवले. म्हणजे वाद्य तसेच ठेवून हात तयार केला. आंध्रातील पालकोल्लू गावी जन्मलेल्या उप्पलपु श्रीनिवास (1969-2014) यांनी विजेवर चालणारे मँडोलिन घेतले, जोड्या काढून टाकल्या आणि पाच एकेरी तारा लावून त्यावर कर्नाटक संगीत उभे केले. एकाने बोटांना वळवले, दुसऱ्याने तारांना. पण आपल्याला कोणता सूर काढायचा आहे हे दोघांनीही आधी ठरवले आणि मग तारेकडे पाहिले, ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. तेराव्या शतकात वऱ्हाड ज्या यादवांच्या राज्यात होता, त्यांच्या देवगिरीस राहून शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे, आणि तारेखाली सरकवायच्या वेळूच्या बारीक चिपेचाही विचार आहे. आज तानपुऱ्याच्या घोडीवर आपण सुताचा दोरा सरकवून जवारी लावतो, तिच्याशी या चिपेचे नाते आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांचे दिवस सरल्यावर, फरीदसाहेब शिकलगार यांनी तलवारीला पाणी देणारा हात तंतुवाद्यांकडे वळवला, आणि त्यांच्या परंपरेने ते गाव भारतभर गाजवले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तानपुरा तयार करणारा कारागीर आधी विचारतो, गाणार कोण? स्त्री की पुरुष, षड्ज कोणता? स्त्रीच्या उंच स्वराला लहान घाटाचा तानपुरा आणि बारीक तारा; पुरुषाच्या स्वराला मोठा तुंबा आणि जाड तारा. जोडीच्या तारा पोलादी, खर्जाची पितळी. गळा, तुंबा आणि तार यांचे लग्न जुळवल्याशिवाय तो जवारीला हात लावत नाही.

मग ज्या समाजाने तानपुऱ्याच्या तारेविषयी इतका काटेकोर विचार केला, तोच समाज मँडोलिनची तार मागताना ‘असेल ती द्या’ का म्हणतो? मला वाटते, कारण हे वाद्य आपल्याकडे आले ते कारागिरासह आले नाही. वस्तू आली, तिच्यामागचे ज्ञान मागे राहिले. यंत्र येते आणि मिस्त्री येत नाही, तेव्हा जे होते तेच येथे झाले. सप्ताहात वीणेकऱ्याच्या खांद्यावरची वीणा भुईला टेकू न देणारे आपण लोक. पण भिंतीवर टांगलेल्या मँडोलिनची विचारपूस करीत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी हे वाद्य आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून आटोपते घेतो. आधी वाद्य उलटे करून पाठ पाहा. पाठ फुगीर आणि वाद्य जुने असेल, तर 9 अंकाने सुरू होणारा अतिहलका संच घ्या, अन्य काही घेऊ नका. पाठ सपाट आणि तबली कोरीव, उंचावलेली असेल, तर 10 किंवा 11 चा संच तिला मानवेल. नवशिक्याच्या बोटांना 10 चा बरा. तबली साधी सपाट, प्लायवूडची असेल, तर 10 च्या पुढे जाऊ नये. एका जोडीतील दोन्ही तारा एकाच जाडीच्या आणि एकाच दिवशी घातलेल्या असाव्यात. एक जुनी आणि एक नवी असली की मोकळ्या वाजताना त्या जुळतात, पण वरच्या पडद्यांवर फाटतात. तारा एकदम सगळ्या काढू नयेत. घोडी नुसत्या ताणाच्या बळावर उभी असते, ती जागा सोडते. एकेक जोडी बदलावी. मँडोलिनच्या तारेच्या टोकाला फास असतो, गिटारच्या तारेच्या टोकाला मणी. गावात मँडोलिनचा संच मिळाला नाही, तर गिटारची 10 ची साधी पहिली तार, तिचा मणी जपून काढून, पहिल्या जोडीला खुशाल लावावी. लांबी पुरते आणि पोलाद तेच असते. खालच्या जोड्यांना मात्र जाडी मोजल्याशिवाय हा उद्योग करू नये. उन्हाळ्यात वाद्य पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नये, आणि महिनोन् महिने वाजवायचे नसेल तर तारा एक-दोन स्वर उतरवून ठेवाव्यात.

मामांचे मँडोलिन पुढे एका सुतारी जाणणाऱ्या वाद्यदुरुस्तकाने उघडले, तबलीच्या चिरेला आतून पातळ पट्ट्या चिकटवल्या आणि ते उभे केले. त्यावर आता 9 च्या तारा आहेत. आवाज लहान झाला आहे. सभागृहात तो पोहोचायचा नाही. पण संध्याकाळी घरात दिवा लागल्यावर वाजवले, तर शेजारच्या खोलीतून मामी म्हणतात, ‘हा त्यांचाच आवाज.’ मोठ्या आवाजाच्या हव्यासापायी मी तो जवळजवळ गमावला होता. जमीन पाहून ताण द्यावा, हे आपल्या बागांत आपण पिढ्यान् पिढ्या पाळत आलो आहोत. तेवढेच भान वाद्याच्या बाबतीतही राखू या, एवढीच माझी विनंती आहे.